बटण कोणाच्या हातात

आमच्या फिजिओथेरपी विभागातल्या जुन्या स्टिम्युलेटरवर दोन प्रकारचे करंट असतात, गॅल्व्हनिक आणि फॅराडिक. तोंडावरून वारं गेलेला पेशंट आला की मी त्याच्या मानेमागे ओलं पॅड ठेवते, पेनसारखा इलेक्ट्रोड भुवईच्या वर टेकवते आणि करंट हळूहळू वाढवते. आधी "मॅडम, मुंग्या आल्या" असं ऐकू येतं. मग भुवई वर जाते. "मी नाही हं उचलली," असं बरेच जण चटकन सांगून टाकतात, जणू मी त्यांच्यावर आळ घेतलाय! माणसाने न केलेली ही हालचाल दाखवण्याची हौस दवाखान्यांच्या आधीची आहे. ती वाढली प्रेक्षकांसमोर.

1730 च्या एप्रिलमध्ये लंडनला स्टीफन ग्रे या वृद्ध गृहस्थाने एका मुलाला दोऱ्यांनी आडवं टांगलं. ग्रे मूळचा कँटरबरीचा रंगारी. म्हातारपणी तो चार्टरहाउस या धर्मादाय संस्थेच्या आश्रयाने राहत होता. मुलाचं वजन 47 पौंड, म्हणजे जेमतेम 21 किलो. घासलेली काचेची नळी मुलाच्या पायांपाशी धरली की पितळी वर्खाचे कण त्याच्या चेहऱ्याकडे ओढले जात. माणसाच्या देहातून वीज वाहते, हे त्यातून दिसलं. पुढे हाच प्रयोग युरोपातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत करमणूक म्हणून होऊ लागला. ग्रेला 1731 साली रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. मुलाचा उल्लेख मात्र नुसता 'मुलगा' एवढाच होतो.

1746 मध्ये आबे नोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने व्हर्सायला 180 शिपायांना एकमेकांचे हात धरून उभं केलं आणि त्यांच्यातून लेडन जार या वीज साठवणाऱ्या बरणीतली वीज सोडली. सगळे एकदम उडाले. राजा पंधराव्या लुईची करमणूक झाली. शिपायांना कोणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

त्यानंतरचा माणूस तर नकार देण्याच्या अवस्थेतच नव्हता. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे विजेचे प्रयोग 1791 मध्ये प्रसिद्ध केले होते. त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी ते प्रयोग घेऊन युरोपभर फिरला. 17 जानेवारी 1803 रोजी लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर जॉर्ज फॉर्स्टरला बायको आणि लहान मुलीच्या खुनाबद्दल फाशी दिली. त्याचं प्रेत आल्दिनीच्या हवाली झालं. बॅटरीच्या तारा चेहऱ्याला लावल्या तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पुढे उजवा हात उचलला गेला, मूठ वळली, पाय हलले. जमलेल्यांपैकी काहींना फॉर्स्टर जिवंत होतोय असंच वाटलं. स्नायूंचं काम करणाऱ्या मला त्यात चमत्कार दिसत नाही. मेल्यावर स्नायू काही काळ करंटला उत्तर देतात, एवढंच. पण तो खेळ कोणी पाहिला आणि कोणावर झाला, हा प्रश्न मला सोडत नाही.

ड्युशेनबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. पॅरिसच्या या डॉक्टरने त्वचेवर इलेक्ट्रोड ठेवून एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला. नेमक्या कोणत्या जागी टेकवलं की कोणता स्नायू उठतो, ते त्याने चाचपून शोधलं. आम्ही आज त्याच वाटेने जातो. त्याचं 1862 चं पुस्तक चेहऱ्यावरच्या भावांचं. त्यातल्या बऱ्याच छायाचित्रांत दात पडलेला एक म्हातारा चांभार आहे. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, म्हणून दुखेल ही अडचण नव्हती. ड्युशेनने त्या चेहऱ्यावर विजेने हसू आणलं, भय आणलं. फोटो उत्तम आहेत. मी ते विद्यार्थ्यांना दाखवते आणि दर वेळी मला त्या म्हाताऱ्याकडे बघवत नाही.

विसाव्या शतकात कलावंतांनी हे सगळं उलटं फिरवलं. बटण दाबणारा आणि तारेला जोडलेला, ही दोन माणसं त्यांनी एक करून टाकली. 1956 मध्ये जपानच्या गुताई गटातल्या अत्सुको तानाकाने रंगीत बल्बांचा आणि नळ्यांचा पोशाख केला आणि तो स्वतःच्या अंगावर चढवला. उष्णता, वजन आणि शॉक बसण्याची भीती, सगळं तिनेच सोसलं.

स्टेलार्क त्याच्याही पुढे गेला. सायप्रसमधल्या लिमासोलला 1946 मध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला हा माणूस 1970 पासून जवळजवळ दोन दशकं जपानमध्ये राहिला. 1976 पासून तो कातडीत गळ टोचून स्वतःला टांगून घ्यायचा. मी वाईच्या बाजूची, त्यामुळे मला लगेच बावधनचं बगाड आठवलं. पूर्वी बगाड्याच्या, म्हणजे नवस फेडणाऱ्या माणसाच्या, पाठीत गळ टोचून त्याला टांगत. इंग्रज अमदानीत ते थांबलं आणि आता बगाड्याला बांधतात. पण तिथे नवस असतो, देव असतो, गाव सोबत असतं. स्टेलार्कला यातलं काहीच नको होतं. देह टांगला की त्याचं काय होतं, एवढंच त्याला पाहायचं होतं. 1985 मध्ये तो कोपनहेगनच्या रॉयल थिएटरवर क्रेनने लटकला.

मला त्याचा तिसरा हात अधिक जवळचा वाटतो. जपानमध्ये बनवलेला हा यांत्रिक हात त्याने उजव्या हाताला जोडला आणि पोटाच्या व पायांच्या स्नायूंतल्या विद्युत संकेतांवर चालवला. हात गेलेल्या माणसाला मायोइलेक्ट्रिक हात बसवताना हेच तत्त्व वापरतात. पण याचे दोन्ही हात शाबूत होते! 1982 मध्ये टोकियोत त्याने तिन्ही हातांनी एकाच वेळी एकच शब्द लिहिला, 'उत्क्रांती' या अर्थाचा इंग्रजी शब्द. पोटाचा स्नायू आवळून बोटं मिटवायची आणि त्याच वेळी स्वतःच्या दोन हातांनी वेगळी अक्षरं काढायची, हे किती अवघड आहे ते एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

1995 मध्ये त्याने बटण दुसऱ्यांच्या हाती दिलं. तो लक्झेंबर्गला होता. पॅरिस, हेलसिंकी आणि अ‍ॅमस्टरडॅममधली अनोळखी माणसं पडद्याला स्पर्श करत होती आणि त्याच्या अंगावरच्या पॅडमधून करंट जाऊन त्याचे हातपाय हलत होते. मशीन 0 ते 60 व्होल्टचं. पुढच्या वर्षी 'पिंग बॉडी' या प्रयोगात माणूसही बाजूला झाला. दूरच्या संगणकांकडून इंटरनेटवर संकेत परत यायला किती मिलिसेकंद लागतात, त्यावरून त्याचे स्नायू आकुंचन पावू लागले.

त्याच्या डाव्या हातावर शस्त्रक्रियेने घडवलेला कान जास्त गाजला. त्यात मायक्रोफोन बसवला होता, पण संसर्ग झाला आणि तो काढावा लागला. मला तो कान दुय्यम वाटतो. 'पिंग बॉडी' मात्र ग्रेपासूनच्या साऱ्या परंपरेला दिलेलं उत्तर आहे. तारेला जोडलेल्या माणसाने इथे आपला देह आपल्या नावानिशी, आपल्या संमतीने पुढे केला आणि करंट कुठून येतो ते जगाला उघड दाखवलं.

माझ्या व्यवसायातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. इलेक्ट्रोथेरपीच्या पहिल्या तासाला गॅल्व्हानी आणि ड्युशेन यांची नावं फळ्यावर लिहाल, तेव्हा शेजारी तो 21 किलोचा मुलगा, फॉर्स्टर आणि तो चांभारही लिहा. आणि मग स्टेलार्कच्या प्रयोगांची फिल्म दाखवा.