कणगीतला मोह: घरात काय साठवायचं, हे कोण ठरवतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "वाइन घरात ठेवून मुरवतात, सिगारचा तंबाखूही वर्षानुवर्षं जपून ठेवतात. आपल्याकडे अशी काही परंपरा होती का?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधताना आपण थेट भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या आसपासच्या गावांत येऊन पोचतो. आजचा भाग त्यावर.

आधी एक खुलासा. अड्याळ म्हटलं की काही जणांना ब्रह्मपुरीजवळची अड्याळ टेकडी आठवेल. ती चंद्रपूर जिल्ह्यात. आपण बोलतोय पवनी तालुक्यातल्या अड्याळबद्दल. वैनगंगेचं खोरं, धानाची शेती, आणि थोडं पुढे गेलं की जंगल. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग याच तालुक्यात येतो. अशा भागात घरात काय साठवलं जायचं? धान, लाखोळी, आणि वाळवलेली मोहफुलं.

मोहाचं झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलतं. फुलं पहाटे गळतात. घरातल्या बाया आणि पोरं अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढायच्या आत वेचणी व्हायला हवी. फुल ओलं असताना जाड, गोड आणि रसाळ असतं. अंगणात तीन-चार दिवस वाळवलं की तांबूस-तपकिरी होतं, मनुक्यासारखं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणून ते टिकतं, आणि म्हणून त्यापासून दारूही होते.

पण फक्त दारू नाही, हे लक्षात ठेवा. मोहफुलं भाजून खातात, शिजवून खातात, पिठात घालून भाकरी करतात, लाडू वळतात. धान संपलं, पाऊस रुसला, की कणगीतला मोह पोटाला आधार द्यायचा. गुरांनाही घालायचे. म्हणजे घरातला साठा एकच, आणि त्याचे उपयोग चार: खाणं, पिणं, विकणं, देवाला वाहणं. गोंड समाजात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाच्या दारूला जागा आहे. हा साठा म्हणजे तिजोरी आणि कोठार दोन्ही.

आता "मुरवणं" या मुद्द्याकडे येऊ. वाइन मुरते म्हणजे काय? द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन हळूहळू एकमेकांत गुंफत जातं, तुरटपणा कमी होतो, नवे वास तयार होतात. त्यासाठी थंडावा लागतो, साधारण 12 ते 15 अंश, आणि तोही वर्षभर एकसारखा. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तिथे घरात बाटली दहा वर्षं ठेवली तर वाइन मुरणार नाही, शिजेल. भारतात व्हिस्की पिंपात मुरवणाऱ्यांचाही असाच अनुभव आहे: स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोनेक टक्के माल हवेत उडतो, आपल्याकडे बंगळुरूसारख्या तुलनेने थंड शहरातही दहा टक्क्यांच्या आसपास.

म्हणून इथल्या लोकांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी दारू साठवली नाही, फुल साठवलं. लग्न आलं, सण आला, की लागेल तेवढं फुल भिजवायचं, आंबवायचं, गाळायचं आणि ताजं प्यायचं. त्यांचं तळघर म्हणजे कोरडी कणगी. पावसाळ्यातली ओल लागली की फुलाला बुरशी धरते, त्यामुळे कणगी कुठे ठेवायची, तिला धूर कसा लागेल, हे सगळं घरातल्या बाईला माहीत असायचं. हवामान ओळखून केलेली ही साठवण आहे. कुठल्याही वाइन सेलरपेक्षा यात कमी शहाणपण नाही.

मग या कणगीवर नजर कोणाची पडली? सरकारची. इंग्रजांच्या काळात अबकारी हा महसुलाचा मोठा झरा होता. आणि घरोघरी दारू गाळली जात असेल तर कर कोणाकडून घेणार? म्हणून गाळण्याचा हक्क ठेकेदाराला द्यायचा, भट्ट्या ठरावीक जागी आणायच्या, आणि घरातली भट्टी गुन्हा ठरवायची, असं धोरण आलं. मुंबई इलाख्यात तर त्याही पुढचं पाऊल पडलं. 1892 च्या 'म्हावरा अ‍ॅक्ट'ने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत चक्क मोहाच्या फुलांवरच बंधनं घातली. म्हावरा म्हणजे मासळी नव्हे बरं का, मोहाचं तेव्हाचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग! विचार करा: दारू नाही, भट्टी नाही, फक्त वाळलेलं फुल घरात जास्त सापडलं तरी तुम्ही संशयित.

भंडारा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्य प्रांतात होता. तिथे 1915 चा एक्साइज कायदा लागू झाला. पुढे 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1959 मध्ये विदर्भालाही लागू झाला. त्या कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण होतंच. इंग्रजांना महसूल हवा होता, स्वतंत्र भारतातल्या सरकारला दारूबंदी हवी होती. हेतू अगदी उलटे, पण दोघांचीही नजर त्याच कणगीवर.

याचा परिणाम फक्त पिणाऱ्यांवर झाला असं समजू नका. एप्रिलमध्ये सगळ्यांचाच मोह बाजारात येतो, तेव्हा भाव पडलेला असतो. पावसाळ्यात आणि नंतर तोच मोह महाग होतो. ज्याला साठवता येतं तो थांबतो आणि कमावतो. ज्याला साठवायची भीती वाटते तो पडत्या भावात विकून मोकळा होतो. म्हणजे साठवण्याचा हक्क म्हणजे भाव ठरवण्याचा हक्क. जंगलात अंधारात जायचं, अस्वल-वाघाचा धोका पत्करायचा तो वेचणाऱ्या बाईने, आणि थांबण्याचा फायदा घ्यायचा व्यापाऱ्याने. शेवटी 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. म्हावरा अ‍ॅक्टपासून मोजलं तर 129 वर्षं!

आता तंबाखूकडे वळू. तंबाखू आपला नाहीच. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी तो आणला, आणि गोवा-विजापूरमार्गे तो दख्खनमध्ये पसरला. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला होता, त्याने परत जाताना तंबाखू आणि एक नक्षीदार चिलीम बादशहासाठी नेली. ही गोष्ट सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. म्हणजे मुघल दरबाराला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली! काही वर्षांतच, 1617 मध्ये, जहांगीरने त्यावर बंदी घातली. ती किती टिकली, ते आपण बघतोच आहोत.

तंबाखू मात्र खरोखर मुरतो. ताजं वाळलेलं पान तिखट आणि घशाला खरखरीत लागतं. ते थप्पी लावून ठेवलं की आत ऊब धरते, अमोनिया उडून जातो, पानाचा उग्रपणा उतरतो. सिगारचे शौकीन हीच प्रक्रिया घरी लाकडी पेटीत, ओलावा मोजत, वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या घरांतही तंबाखू असायचा. पण तो शौकाचा नव्हता, ठेकेदाराचा होता. विसाव्या शतकात इथे बिडी उद्योग वाढला, कारण तेंदूचं पान इथल्या जंगलात आणि तंबाखू रेल्वेने गुजरात-निपाणीकडून. ठेकेदार पानं, धागा आणि तंबाखू वजन करून द्यायचा. बाया घरी बसून सुपात हजार-हजार विड्या वळायच्या. नापास विड्या काढून टाकल्या जायच्या, त्यांचे पैसे कापले जायचे. घरातल्या हवेत तंबाखूची भुकटी, मांडीवर सूप, शेजारी झोपलेलं लेकरू. घरी बसून वळणाऱ्या या बायांना कामगार म्हणून कायद्याची ओळख मिळाली ती 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने.

बघा, शब्द एकच: "घरात तंबाखू साठवणे." एका घरात त्याचा अर्थ छंद, दुसऱ्या घरात मजुरी.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळी बंधनं चुकीची होती का? नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या चळवळीतून, आणि त्यात बाया पुढे होत्या. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. घरातलं धान विकून कोणी पीत असेल, मारझोड करत असेल, तर "आमची परंपरा" हे उत्तर त्या घरातल्या बाईला पुरत नाही. तंबाखूचंही तसंच. विदर्भातला खर्रा तुम्हाला माहीत आहे: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. त्याने तोंड उघडेनासं झालेली तरुण पोरं गावोगावी आहेत. तिथे मुरवण्याची, चव घेण्याची काही भानगड नाही, नुसती तलफ आहे.

पण एक प्रश्न उरतोच. कायदा सगळ्या घरांकडे सारख्या नजरेने बघतो का? महाराष्ट्रात दारू बाळगायला कागदोपत्री आजही परवाना लागतो. तरी शहरातल्या फ्लॅटमध्ये वाइनचं छोटं कपाट असेल तर त्याला "कलेक्शन" म्हणतात, आणि जंगलाकाठच्या घरात फुलांची कणगी असेल तर तिला अनेक वर्षं "मुद्देमाल" म्हटलं गेलं. भंडाऱ्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत गाळायला सूट आहे, आणि आता तिथलं सरकार तीच दारू "हेरिटेज" म्हणून बाटलीत भरून विकायला प्रोत्साहन देतंय. एक सीमा ओलांडली की गुन्ह्याचा वारसा होतो!

तर श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हो, आपल्याकडे साठवण्याची परंपरा होती, आणि ती आपल्या उन्हाला साजेशी होती. बाटलीतली नव्हती, कणगीतली होती. पुढच्या वेळी एप्रिलमध्ये भंडारा-पवनी रस्त्याने गेलात आणि एखाद्या अंगणात तांबूस फुलं वाळत पडलेली दिसली, तर दारूच्या आधी त्या कष्टांचा विचार करा. आणि त्या घरातल्या आजीला विचारा, "आजी, यंदा विकणार की ठेवणार?" "ठेवणार" असं ती बिनधास्त म्हणू शकली, तर समजा काहीतरी बदललंय.

तुमच्या घरी, गावी मोहाचं काय करायचे, काय करतात, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, रामराम!