वॉटसन हॉटेल ते फ्लेमिंग्टन: एका हलत्या चित्राची कुळकथा

३ नोव्हेंबर १८९६, मंगळवार. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर मेलबर्न कपची शर्यत आहे, म्हणजे अर्धं शहर तिथे लोटलंय. फुगीर बाह्यांचे झगे घातलेल्या बायका, हॅटवाले पुरुष, रेल्वेच्या फलाटावरून उतरणारे लोंढे. हे सगळं पन्नास-पन्नास सेकंदांच्या तुकड्यांत चित्रित झालं आणि आजही बघायला मिळतं. त्यातल्या एका तुकड्यात एक गृहस्थ माणसांत मिसळून त्यांना हलतं करताना दिसतो. फिल्ममध्ये दिसावं म्हणून तो तिथे आलेला नाही, लोकांनी पुतळ्यासारखं उभं राहू नये म्हणून आलाय. हा हेन्री वॉल्टर बार्नेट, सिडनीतल्या फॉक स्टुडिओचा मालक आणि त्या काळचा नावाजलेला फोटोग्राफर.

कॅमेऱ्यामागे हँडल फिरवणाऱ्या माणसाचं नाव मारियस सेस्तिए. मुंबईच्या चित्रपट-इतिहासाशी ज्याची थोडीशी ओळख आहे, तो हे नाव वाचून चमकेल. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला सिनेमाचा खेळ लावला तो हाच सेस्तिए. आपल्याकडच्या पुस्तकांत तो ७ जुलैला येतो आणि ऑगस्टनंतर दिसेनासा होतो. ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकांत तो सप्टेंबरात बोटीतून उतरतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. दोन्ही अर्ध्या गोष्टी एकमेकींना जोडल्या तेव्हा माझ्या मनात एक मत तयार झालं आणि ते मी हट्टाने मांडणार आहे: ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक जीवनाचं पहिलं हलतं चित्र जसं निघालं तसं निघण्यामागे मुंबईचा पाऊस आहे.

आधी ठाऊक असलेल्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. एडिसनचं किनेटोस्कोप, म्हणजे भोकातून एकट्याने डोकावून बघायचं यंत्र, १८९४ च्या अखेरीस सिडनीच्या पिट स्ट्रीटवर आलं होतं. पॅरिसात ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला तिकीट लावून पडद्यावरचा खेळ केला. ऑस्ट्रेलियात पडद्यावर हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली ती सेस्तिएने नव्हे, कार्ल हर्ट्झ नावाच्या अमेरिकन जादूगाराने. ऑगस्ट १८९६ मध्ये मेलबर्नच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याने जादूच्या प्रयोगांत ती दाखवली, रॉबर्ट पॉलच्या इंग्रजी यंत्रावर. म्हणजे दाखवण्याचा मान हर्ट्झचा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हर्ट्झ आला तो बाहेरून आणलेली चित्रं दाखवायला. ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियाचंच चित्र दाखवलं ते सेस्तिए आणि बार्नेट या जोडीने, आणि माझं कुतूहल तिथे आहे.

सेस्तिएकडचं यंत्र जवळून बघण्यासारखं होतं. ल्युमिएरचं सिनेमॅटोग्राफ म्हणजे जेमतेम पाच किलोची लाकडी पेटी. तिनेच चित्रण करायचं, तिच्यातूनच फिल्मची प्रत छापायची, आणि मागे दिवा ठेवून तिच्यातूनच पडद्यावर खेळ दाखवायचा. एडिसनचा कॅमेरा विजेवर चालायचा आणि स्टुडिओतून हलवायला जड होता. ही पेटी मात्र बोटीवर, रेल्वेत, घोडागाडीत कुठेही नेता यायची. आत एक आकडा होता. तो फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरायचा, तिला एक घर खाली ओढायचा आणि बाहेर यायचा. शिवणयंत्रात कापड थांबत थांबत पुढे सरकतं, त्यावरून लुई ल्युमिएरला ही कल्पना सुचली. फिल्म सुमारे सतरा मीटर लांब असायची. सेकंदाला साधारण सोळा चित्रं या हिशेबाने हँडल फिरवलं की ती पन्नासेक सेकंदांत संपायची. त्यामुळे हँडल कधी सुरू करायचं, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय असे. थोडी घाई झाली की घोडे येण्याआधीच फिल्म खलास.

असं यंत्र घेऊन सेस्तिए ल्युमिएरांचा माणूस म्हणून मुंबईत उतरला. मूळचा तो दक्षिण-पूर्व फ्रान्समधल्या सोझे गावचा, धंद्याने औषधविक्रेता. वॉटसन हॉटेलात सहा चित्रांचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. १४ जुलैपासून खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलवले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय केली, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत खेळ चालले.

आपल्याकडे नेहमी सांगतात की सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वाटेत मुंबईला सहज थांबला. मला हे पटत नाही. वाटेत थांबलेला माणूस हॉटेल सोडून थिएटर भाड्याने घेत नाही, दरांची उतरंड लावत नाही, जवळजवळ सहा आठवडे मुक्काम करत नाही. ही रीत ठरवून आलेल्या धंदेवाइकाची आहे. आणि ल्युमिएरांचा धंदा नुसत्या खेळांवर चालत नसे. नव्या मुलखाची चित्रं काढून पाठवणं हे त्यांच्या माणसांचं नेमून दिलेलं कामच होतं. त्याच वर्षी त्यांची माणसं रशियात, स्पेनमध्ये, अमेरिकेत हँडल फिरवत होती, आणि त्या चित्रांची भर कंपनीच्या सूचीत पडत होती.

मग मुंबईची चित्रं कुठे आहेत? ल्युमिएरच्या सूचीत सेस्तिएच्या नावावर मेलबर्न आहे, मुंबई नाही. बोरीबंदर नाही, अपोलो बंदर नाही, भायखळ्याचा बाजार नाही. १८९६ ची मुंबई म्हणजे प्लेग येण्याच्या ऐन आधीची मुंबई. त्या शहराचे पन्नास सेकंद हाती असते तर आज त्यांचं मोल करता आलं नसतं.

याचं एक सोपं उत्तर दिलं जातं: सेस्तिए औषधविक्रेता होता, फोटोग्राफर नव्हता, त्याला काम जमलं नाही. हे उत्तर मला अपुरं वाटतं. हाच औषधविक्रेता, हेच यंत्र, आणि अडीच-तीन महिन्यांनी फ्लेमिंग्टनवर काढलेल्या फिल्म्स इतक्या नेटक्या की आज सव्वाशे वर्षांनंतरही बघाव्याशा वाटतात. तीन महिन्यांत माणूस एवढा बदलत नाही. बदलल्या त्या दोन गोष्टी: ऋतू आणि सोबती.

ऋतूचं आधी बघू. जुलैची मुंबई ज्याने अनुभवली आहे त्याला फार सांगायला नको. दुपारी बारालाही दिवा लावावा असा उजेड, आणि त्या काळची फिल्म मंद, भरपूर ऊन असल्याशिवाय न उमटणारी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. दमट हवेत तो फुगतो, गरम पाण्यात मऊ पडून सुटतो. फिल्म धुवायला पाणी थंड लागतं आणि पावसाळ्यातल्या मुंबईत नळाचं पाणी थंड कुठलं? मुंबईतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना या सगळ्या अडचणी पाठ होत्या. त्यावरचे उपायही त्यांच्याकडे होते: बर्फ, तुरटी, पहाटेची वेळ. नुकत्याच उतरलेल्या फ्रेंच माणसाला ते कोण शिकवणार?

इथून मी सोबत्याकडे वळतो. सेस्तिए सिडनीत पोचला आणि काही दिवसांतच बार्नेटशी त्याची भागीदारी झाली. २८ सप्टेंबर १८९६ ला २३७ पिट स्ट्रीटवर त्यांनी ‘सलोन ल्युमिएर’ उघडलं. माझा अंदाज पक्का आहे की मुंबईत हात पोळलेला सेस्तिए या वेळी आधी फोटोग्राफर शोधत आला. त्याला डार्करूम हवी होती, तिथल्या उन्हाची आणि पाण्याची जाण असलेला माणूस हवा होता. बार्नेटकडे हे सगळं होतं, शिवाय मोठ्या लोकांत ऊठबस होती. त्याने रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे फोटो काढले होते. सिडनीत येणारे नट, गायिका, पुढारी त्याच्या स्टुडिओची पायरी चढत.

ऑक्टोबरात दोघांनी मॅनलीच्या धक्क्यावर ‘ब्रायटन’ नावाच्या फेरीबोटीतून उतरणारे उतारू टिपले आणि लगेच सलोनमध्ये दाखवले. ऑस्ट्रेलियात काढून तिथल्याच लोकांना दाखवलेलं पहिलं चित्र म्हणून याचंच नाव घेतात. ती फिल्म आज हरवली आहे. विषय मात्र बघा: राजा नाही, लढाई नाही, रविवारची हवा खायला निघालेली सिडनीची माणसं. पडद्यावर स्वतःला बघायला मिळेल या आशेने तीच माणसं पुन्हा तिकीट काढणार, हा हिशेब स्टुडिओ चालवणाऱ्यालाच सुचतो. फोटोवाल्याचा सगळा धंदा माणसाला स्वतःचा चेहरा विकण्याचाच असतो.

मग मेलबर्न. आधी ३१ ऑक्टोबरची डर्बी. ती न्यूहेवन नावाच्या घोड्याने जिंकली आणि गव्हर्नरची पत्नी लेडी ब्रासी त्याला निळी फीत बांधतानाचं चित्र निघालं. तीन दिवसांनी कपही न्यूहेवननेच मारला. गव्हर्नरच्या पत्नीपासून हाताच्या अंतरावर तिपाई लावायला मिळणं परक्या औषधविक्रेत्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ही बार्नेटची करामत.

इथे एक विरोधी मत आहे आणि ते वजनदार आहे. काही जण म्हणतात, भागीदारी निव्वळ पैशाची होती. बार्नेटने कपचं चित्र निवडलं कारण कपच्या दिवशी गल्ला होतो. मुंबईचा त्याच्याशी काय संबंध? गल्ल्याचं मान्य. पण सेस्तिएला भागीदार हवा का होता, हे त्यातून उलगडत नाही. मुंबईत सहा आठवडे त्याने एकट्याने खेळ चालवून दाखवले होते. खेळ लावायला त्याला कुणाची गरज नव्हती, चित्र काढायला होती.

बार्नेटचा हात त्या फिल्मवर किती आहे हे समजायला त्याच्या आधीच्या फोटोवाल्यांचे फोटो बघावेत. १८७२ च्या सुमारास ब्यूफॉय मर्लिन आणि चार्ल्स बेलिस या दोघांनी न्यू साउथ वेल्समधल्या हिल एंड आणि गुलगाँग या सोन्याच्या गावांत घरोघर, दुकानोदुकान जाऊन काचेच्या ओल्या प्लेटांवर चित्रं काढली. बर्नहार्ट होल्टरमन या सोन्याच्या खाणीतून श्रीमंत झालेल्या माणसाने त्यांना पैसा पुरवला. साडेतीन हजारांच्या आसपास निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागात एका बागेतल्या शेडमध्ये सापडल्या. आता त्या न्यू साउथ वेल्सच्या स्टेट लायब्ररीत आहेत. त्या चित्रांत सगळं गाव दारात येऊन उभं आहे: खाटीक, लोहार, पोरं, कुत्री. कुत्री मात्र पुसट आलीत, कारण ती थांबली नाहीत. माणसांना मात्र कॅमेरा दिसला की स्थिर व्हायची सवय फोटोवाल्यांनीच लावली होती. चोवीस वर्षांनी फ्लेमिंग्टनवर तीच सवय मोडायला बार्नेट स्वतः चौकटीत शिरला. ‘उभे राहू नका, चला’ हे त्याच्या हातवाऱ्यांतून स्पष्ट कळतं. हे सेस्तिएला सुचण्यासारखं नव्हतं. कॅमेऱ्यापुढे लोक गोठतात हे ज्याने वर्षानुवर्षं रोज बघितलं होतं, त्यालाच ते सुचलं.

याच जोडीच्या खात्यावर आता आणखी एक फिल्म धरतात. रोलर स्केट घातलेला एक विदूषक धडपडत, पडत, उठत लोकांना हसवतोय, आणि वळला की विजारीच्या मागच्या बाजूला पांढरा हाताचा पंजा. ल्युमिएरच्या सूचीत ती बरीच वर्षं जागेच्या नावाविना होती. भोवती जमलेल्या लोकांकडे बघा: ते गोठलेले नाहीत, मोकळे हसतायत. मला तर त्यातही बार्नेटच दिसतो.

जोडी टिकली नाही. १८९७ मध्ये सेस्तिए फ्रान्सला परतला, बार्नेट लंडनला गेला आणि तिथे मोठा पोर्ट्रेट-फोटोग्राफर झाला. ऑस्ट्रेलियातलं पुढचं काम मेलबर्नच्या साल्व्हेशन आर्मीच्या लाइमलाइट विभागाने उचललं. १९०१ च्या नव्या राष्ट्राच्या सोहळ्याचं चित्रण त्यांचंच. १९०६ मध्ये तिथेच ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ ही फिल्म निघाली.

मुंबईत सेस्तिएमागे काय उरलं? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा. तेही स्टुडिओ चालवणारे फोटोग्राफर. वॉटसनचा खेळ बघून त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं मुंबईकरांनी केलेलं स्वागतही टिपलं. म्हणजे इथेही सार्वजनिक जीवनाच्या हलत्या चित्राची सुरुवात फोटोवाल्यानेच केली, फक्त सेस्तिए निघून गेल्यावर. जुलै १८९६ मध्ये या दोघांनी एकत्र काम केलं असतं तर पहिला मान फ्लेमिंग्टनला नव्हे, गिरगावला मिळाला असता, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या मुंबईच्या फोटो-स्टुडिओंचे वारस आजही गिरगावात, दादरला, पुण्यात आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात फिल्मची गुंडाळी मिळाली तर ती उजेडात धरून कडा बघा. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना एकेकच गोल छिद्र असेल तर ती ल्युमिएरच्या घराण्यातली आहे. एडिसनच्या पद्धतीत चौकोनी छिद्रं असतात, एका बाजूला चार. अशी फिल्म कुठल्याही प्रोजेक्टरवर चढवू नका, दिव्याजवळ नेऊ नका. ती नायट्रेटची असते आणि भडकन पेट घेते. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.