न टिकणारं प्लॅस्टिक

धुतल्यावर विरघळणारा सदरा कोण घेईल? १९३०च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स कृत्रिम धाग्याच्या शोधात होता (नायलॉनवाला तो हाच). त्याने आणि त्याच्या हिल नावाच्या सहकाऱ्याने पॉलिअनहायड्राइड हा पदार्थही तपासला. पण पाणी लागलं की त्याचे दुवे तुटत. कापडासाठी बाद! मला या गोष्टीत गंमत वाटते ती इथूनच.

आता १९७४. रॉबर्ट लँगर हा केमिकल इंजिनिअर बोस्टनच्या बालरुग्णालयात ज्युडा फोकमन या सर्जनच्या प्रयोगशाळेत आला. प्लॅस्टिकमधून औषध हळूहळू सोडायचं, हे त्याचं वेड. सुरुवातीला अनुदानाचे अर्ज एकामागून एक नापास झाले. तरी पुढे त्याला हवं होतं ते नेमकं या टाकाऊ पदार्थात सापडलं. साबणाची वडी कशी वरवरून झिजते, तसं हे प्लॅस्टिक झिजतं, आणि झिजेल तसं आतलं औषध बाहेर येतं.

औषध होतं कार्मुस्टिन. शिरेतून दिलं तर रक्तात ते फार वेळ टिकत नाही, आणि अस्थिमज्जा व फुप्फुसांना मात्र मार बसतो. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची गाठ काढली तरी बहुतेकदा मूळ जागेच्या दोन सेंटीमीटरच्या आतच परत उगवते. मग औषध अंगभर कशाला फिरवायचं? गाठ काढून झालेल्या पोकळीतच चकत्या ठेवून द्यायच्या. एका चकतीत ७.७ मिलिग्रॅम औषध, जास्तीत जास्त आठ चकत्या. जॉन्स हॉपकिन्सचे न्यूरोसर्जन हेन्री ब्रेम यांनी हे रुग्णांपर्यंत नेलं.

१९९५ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. गाठ परत आलेल्यांपैकी निम्मे रुग्ण साध्या चकतीने २३ आठवडे जगले, औषधाच्या चकतीने ३१. १९९६ साली अमेरिकेत 'ग्लायडेल'ला मान्यता मिळाली.

वीस वर्षं खपून आठ आठवडे? असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही. आठ आठवडे म्हणजे गणपती ते दिवाळी. ज्या घरात असं माणूस आहे, त्यांना विचारा. अर्थात ते आठवडे कसे जातात हेही विचारायला हवं, कारण मेंदूला सूज, जखमेत संसर्ग असे त्रास चकत्यांनीही होतात. असो.

२००३ साली नव्याने निदान झालेल्यांसाठीही परवानगी मिळाली. पण २००५ साली टेमोझोलोमाइडच्या गोळ्या रेडिएशनच्या जोडीला आल्या आणि नेहमीचा उपचार तोच झाला. चकतीतलं औषध आजूबाजूला काही मिलिमीटरच शिरतं. गाठीच्या पेशी तोवर त्याच्या कितीतरी पुढे पोचलेल्या असतात.