टेनिसपटूचा निरोप आणि आमचे दोन तालुके

ज्या गावांत टेनिसचे पटांगण डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधावा लागतो, तेथील लोकांनी एका टेनिसपटूच्या निवृत्तीने हळहळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. मजलाही ती तशीच वाटली होती. माझे उभे आयुष्य ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत शिक्षकी करण्यात गेले. येथील जमीन भाताची. कापणी झाली म्हणजे खाचरांत मुले क्रिकेट मांडतात, शाळेच्या अंगणात कबड्डीच्या रेघा पडतात. टेनिसच्या वाट्याला आमच्याकडील भुई कधी आलेली मी पाहिली नाही.

दिनांक २७ जानेवारी २०२३, शुक्रवार. शहापुराहून किन्हवलीमार्गे मुरबाडास जाणाऱ्या सायंकाळच्या एस. टी. गाडीत मी बसलो होतो. त्याच दिवशी मेलबर्न येथे सानिया मिर्झा व रोहन बोपण्णा या आपल्या जोडीस मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात लुइझा स्टेफानी व राफाएल मातोस या ब्राझीलच्या जोडीने ६-७, २-६ असे हरविले होते. ग्रँड स्लॅम स्पर्धांतील सानियाचा तो शेवटचा सामना होय. शेजारच्या बाकावरील एका तरुणाच्या मोबाइलवर तिचे निरोपाचे भाषण चालू होते. अठराव्या वर्षी, २००५ साली, याच मेलबर्नमध्ये आपण सेरेना विल्यम्सविरुद्ध खेळलो होतो, याची आठवण सांगताना तिचा कंठ दाटून आला, आणि गाडीतील चार-सहा माणसे माना वळवून त्या इवल्याशा पडद्याकडे पाहू लागली.

मग वाद सुरू झाला. भाताचा व्यापार करणारे माझ्या ओळखीचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, माणसाने जिंकून उठावे. २०१६ साली ही जगात पहिली होती, तेव्हाच रॅकेट खाली ठेवली असती तर शोभले असते." तरुणास हे पटेना. तो म्हणाला, "काका, मग मधली सात वर्षे आम्ही काय पाहिले असते?" या दोघांत खरे कोणाचे, याचा विचार मी घरी पोहोचेपर्यंत करीत राहिलो. तो विचार करता करता मला थोडे मागे, इतिहासात जावे लागले.

खेळाडूने निवृत्ती जाहीर करणे, त्याने भाषण करणे आणि लोकांनी डोळे पुसणे, ही रीत आपल्याकडे जुनी नाही. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड आठवून पाहा. पहिलवान थकला म्हणजे एखाद्या वर्षी लंगोट न बांधता फेटा बांधून येई व पंचांत बसे. लोक समजत. टेनिसमध्येही एके काळी असेच होते. १९३४ साली विम्बल्डन येथे सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणजे मुंबईच्या लीला राव. त्यांच्या मातोश्री संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव. वेदांचे पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या, आणि स्वतःही टेनिस खेळत. आजोबा अथर्ववेदाचे संपादक, आई संस्कृत काव्य रचणारी आणि नात विम्बल्डनच्या हिरवळीवर, अशी ही तीन पिढ्यांची वाटचाल मराठी घरांत अजून म्हणावी तितकी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते. लीलाबाईंनी अखिल भारतीय विजेतेपद अनेकदा मिळविले, पुढे भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले, आईच्या संस्कृत कथांना नाट्यरूप दिले. त्या हौशी खेळाडू होत्या. हौशी खेळाडूने खेळ सोडला म्हणजे त्याचे दुसरे आयुष्य पुढे चालू राही, एवढेच. निरोप कोणी कोणाला द्यावयाचा?

त्या पिढीत धंदेवाईक हा शब्द खेळाच्या संबंधात काहीसा नाक मुरडूनच उच्चारला जात असे. फ्रान्सची सुझान लेंग्लेन १९२६ साली पैसे घेऊन खेळू लागली, तेव्हा विम्बल्डनचे दार तिला बंद झाले. ते दार व्यावसायिक खेळाडूंना उघडले १९६८ साली. त्या वर्षी पुरुषांच्या विजेत्यास दोन हजार पौंड आणि स्त्रियांच्या विजेतीस साडेसातशे पौंड मिळाले. खेळ हीच ज्याची भाकर झाली, त्याच्या निवृत्तीला तेव्हापासून वजन आले. कारण आता तो केवळ छंद सोडीत नाही, उपजीविका सोडतो, आणि तीही अशा वयात की ज्या वयात आमच्याकडे माणूस घरचा कारभार नुकता हाती घेत असतो.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईचा, वाढ हैदराबादेची. २००५ साली हैदराबादेतच तिने महिला टेनिस संघटनेच्या मालिकेतील एकेरीची स्पर्धा जिंकली. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. २००७ साली एकेरीच्या क्रमवारीत ती सत्ताविसाव्या स्थानापर्यंत चढली. (मी तिचा उल्लेख एकेरीत करतो, याची क्षमा असावी. लोक ज्याला आपले मानतात, त्याला अहोजाहो करीत नाहीत.) पुढे मनगट दुखावले, शस्त्रक्रिया झाली. अखेर २०१३ साली तिने एकेरीचा खेळ सोडला. माझ्या मते तिची खरी निवृत्ती ही होय, आणि ती आपणांपैकी किती जणांच्या ध्यानात राहिली? जी वाट शरीराने बंद केली, ती तिने सोडून दिली आणि दुसरी धरली. तिच्या सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी चार त्यानंतरची आहेत: २०१४ मध्ये ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकेतील मिश्र दुहेरी, २०१५ मध्ये मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन व अमेरिका आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात प्रथम क्रमांकावर आली. हिंगिसच्या साथीने तिने लागोपाठ ४१ सामने जिंकले.

म्हणजे आमच्या व्यापारी मित्रांचा नियम लावावयाचा तर तिने २००७ सालीच, ऐन शिखरावर, उठावयास हवे होते. आणि मग ज्या २०१६ सालाचा ते दाखला देत होते, ते साल उगवलेच नसते! हे मी त्यांस पुढे एकदा बोलून दाखविले. ते हसले, परंतु त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. त्यांचीही एक बाजू आहे. आवडत्या खेळाडूचा पराभव पाहणाऱ्याला आपल्या स्वतःच्या उतरणीची चाहूल लागते, आणि ती कोणास हवीशी वाटते?

गाडीतील वादात तिसरा आवाज मात्र मला अनपेक्षित होता. दोन रिकाम्या पाट्या पायाशी ठेवून बसलेल्या एका बाईंनी तरुणास विचारले, "तिला मूल आहे ना रे?" तो म्हणाला, "हो मावशी, मुलगा आहे." आणि त्याने सगळी हकीकत सांगितली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मूल झाले. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, जानेवारी २०२० मध्ये, ती परत आली आणि होबार्ट येथे नादिया किचेनोकबरोबर आल्या आल्या पहिलीच स्पर्धा जिंकली. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सव्वा वर्ष सुट्टी मिळाली तिला. आम्ही सव्वा महिन्यात लावणीला." सगळी गाडी हसली, त्याही हसल्या. मला मात्र त्या वाक्यात तक्रारीपेक्षा ओळख अधिक दिसली. टेनिसचे गुण कसे मोजतात हे त्यांना ठाऊक नव्हते. पण बाळंतपणानंतर पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, हे त्या गाडीतील आम्हा सर्व पुरुषांहून त्यांना अधिक ठाऊक होते. चाहता होण्यास खेळाचे नियम यावेच लागतात, हा माझा मास्तरी समज त्या दिवशी ढासळला.

"केवढी जागा लागते या खेळाला?" असेही त्यांनी विचारले. तरुणास सांगता येईना, तेव्हा मी सांगितले. लांबी ७८ फूट, दुहेरीसाठी रुंदी ३६ फूट. म्हणजे अडीच गुंठ्यांहून किंचित अधिक, भोवतालची मोकळी जागा वेगळी. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "आमचं घरामागचं खाचर त्याहून मोठं आहे." सरळगाव आले तेव्हा त्या पाट्या सावरीत उतरून गेल्या.

सानियाचा शेवटचा व्यावसायिक सामना २१ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईस झाला. मॅडिसन कीज या अमेरिकन जोडीदारणीसह ती पहिल्याच फेरीत ४-६, ०-६ अशी हरली. खरे तर २०२२ हेच आपले अखेरचे वर्ष, असे तिने त्या वर्षाच्या आरंभी सांगितले होते. पण ऑगस्टात कोपर दुखावले, आणि दुखापतीने आपला शेवट ठरवावा हे तिला मान्य झाले नाही. पुढे ५ मार्च रोजी हैदराबादेत निरोपाचे सामने झाले. त्याच आठवड्यात व्यापारी मित्र मला मुरबाडच्या बाजारात भेटले. दुबईचे ते शून्य त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. मला वाटले, आता हे जिंकून उठण्याचा आपला सिद्धान्त पुन्हा मांडणार. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, आता तिचा मुलगा खेळेल का हो?"