सातबाऱ्यावरचा बोजा

कोलाडच्या भाताला कुंडलिका नदीच्या कालव्याचं पाणी मिळालं, तरी पीककर्जाचं वर्ष संपतं ते ३१ मार्चलाच.

कोलाड ज्यात येई त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात सावकाराची वही हीच कुळाची पत. १९०४ च्या कायद्यानं सहकारी पतपेढ्यांना वाट मिळाली आणि पुढे थकबाकी वहीतून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त येऊन बसली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात तर कलम १०१ खाली थेट वसुलीचा दाखला. शिवाय थकबाकीदाराला सोसायटीचं संचालकपदही बंद.

त्यातून निघाली ‘नवं-जुनं’ची युक्ती. मार्चअखेरीस हातउसने घ्यायचे, जुनं खातं बेबाक करायचं, लगेच नवं कर्ज उचलून उसने फेडायचे. कागदावर सगळं चोख!

२००० साली कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणारी सिबिल आली. आता एका बँकेतली थकबाकी दुसऱ्या बँकेलाही दिसते.