भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आणि राज्यशास्त्राचे अध्ययन

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात राजकीय विचार, भारतीय शासनपद्धती, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु सोयीसाठी केलेली विभागणी हीच वस्तुस्थिती होय, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत दृढ होतो. मग निवडणूक हा शासनपद्धतीचा विषय ठरतो, जात समाजशास्त्राकडे जाते, करार कायद्याकडे जातो, आणि परराष्ट्र धोरण दिल्लीतच घडते व दिल्लीतच अभ्यासिले जाते अशी कल्पना होऊन बसते. या समजाची परीक्षा घ्यावयाची असल्यास दूरच्या उदाहरणाची आवश्यकता नाही. भंडारा जिल्ह्यात १९५२ ते १९५५ या काळात लोकसभेसाठी जे घडले, ते त्या दृष्टीने पुरेसे आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले विद्यापीठीय अध्यासन वेल्समधील ॲबेरिस्टविथ येथे १९१९ साली स्थापन झाले. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहिलेल्या पिढीची ती निर्मिती होती. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात १९४९ मध्ये लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या उच्च अध्ययनासाठी १९५५ मध्ये दिल्लीत ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही संस्था उभी राहिली व १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. शासन आणि परराष्ट्र व्यवहार यांच्या अध्ययनाची दालने अशी वेगवेगळ्या ठिकाणी घडत असतानाच, नागपूर विद्यापीठाच्या परिसरातील भंडारा जिल्ह्याचे मतदार या दोन्ही विषयांवर एकाच वेळी कौल देत होते.

त्या वेळी भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा भंडाऱ्याचाच भाग होता; तो १९९९ साली वेगळा झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांतून निवडावयाच्या होत्या. त्यांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते आणि भंडारा त्यांतील एक होता. अशा मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे. प्रत्येक मतदारास दोन मते असत. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. १९५२ मध्ये भंडाऱ्यातून काँग्रेसचे श्री. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी व श्री. तुलाराम साखरे हे दोघे निवडून आले. तथापि काही मतदारांनी या निवडणुकीस आव्हान दिले आणि ‘चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम’ या नावाने तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्या. विवियन बोस यांनी त्याचा निकाल दिला. न्या. बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

या वादातील पहिला प्रश्न कराराचा होता. श्री. जसानी हे मूळजी सिक्का आणि कंपनी या विडी उत्पादक पेढीचे भागीदार होते. तेंदूच्या पानांचे जंगल आणि विड्या वळणाऱ्या हातांचे श्रम यांवर या भागातील फार मोठे अर्थकारण उभे होते. ही पेढी सैनिकांच्या कॅन्टीनसाठी शासनास विड्या पुरवीत असे. शासनाशी माल पुरवण्याचा करार असलेल्या व्यक्तीस संसदेचे सदस्यत्व मिळू नये, असे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे बंधन होते. श्री. जसानी यांच्या बाजूने मुख्यतः दोन मुद्दे मांडण्यात आले. एक, हे करार राज्यघटनेने सांगितलेल्या औपचारिक पद्धतीने झालेले नव्हते. दोन, माल पोहोचला तेव्हाच पुरवठादाराचा संबंध संपला. न्यायालयाने दोन्ही अमान्य केले. औपचारिकतेची उणीव असली तरी असा व्यवहार अपात्रतेच्या कलमाच्या दृष्टीने करारच राहतो, आणि पैसे चुकते होऊन दोन्ही पक्षांचे दायित्व पुरे होईपर्यंत तो अस्तित्वात असतो, असा निर्णय झाला. लोकप्रतिनिधीचे सार्वजनिक कर्तव्य आणि त्याचा खाजगी लाभ यांत अंतर असावे, हे राजकीय विचारातील जुने तत्त्व येथे विड्यांच्या बिलापर्यंत येऊन पोहोचले.

दुसरा प्रश्न याहून गहन होता. राखीव जागेसाठी श्री. गंगाराम ठवरे यांनी उमेदवारी अर्ज भरला होता. ते जन्माने महार होते, परंतु त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. सबब ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, या कारणावरून त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मराठीच्या अभ्यासकांस महानुभाव पंथ परिचित आहे तो ‘लीळाचरित्रा’मुळे व प्राचीन मराठी गद्यामुळे. तेराव्या शतकातील चक्रधरांच्या उपदेशात जातिभेदास स्थान होते की नव्हते, हा प्रश्न एरवी वाङ्मयेतिहासाच्या वर्गात चर्चिला जातो. येथे मात्र त्या प्रश्नाच्या उत्तरावर विसाव्या शतकातील एका उमेदवाराची पात्रता अवलंबून होती. न्यायालयाने केवळ पंथाच्या मूळ तत्त्वज्ञानावरून निर्णय केला नाही. पंथांतराने जात सुटते किंवा नाही हे ठरविताना तीन गोष्टी पाहाव्यात असे त्याने मानले: जुन्या समाजाची प्रतिक्रिया, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. संस्थापकाची शिकवण काहीही असली तरी अनुयायांच्या आचारात जात टिकून होती, आणि श्री. ठवरे यांना महार समाजाने दूर केले नव्हते. म्हणून ते महारच राहिले, असा निष्कर्ष निघाला. त्यांचा अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेल्याचे ठरले आणि दोन्ही जागांची निवडणूक रद्द झाली.

या निष्कर्षाचे महत्त्व पुढील काळात अधिक स्पष्ट झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे लक्षावधी अनुयायी यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पंथ बदलल्याने जात जाते काय, या प्रश्नाची जागा आता धर्म बदलल्याने जातीमुळे मिळालेले संरक्षण जाते काय, या प्रश्नाने घेतली. ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ या नागपूरच्याच निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बौद्ध झालेल्या उमेदवारास राखीव जागेसाठी अपात्र ठरविले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तेव्हाच हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. एका सामाजिक प्रश्नाचा कायद्यातील ३६ वर्षांचा प्रवास विदर्भातील दोन मतदारसंघांच्या आधारे असा समजून घेता येतो.

रद्द झालेल्या निवडणुकीच्या जागी १९५४ च्या उन्हाळ्यात पोटनिवडणूक झाली. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून त्यांचा पराभव झाला होता व त्यानंतर ते राज्यसभेत होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे श्री. अशोक मेहता उमेदवार होते. निकालात सर्वसाधारण जागा श्री. मेहता यांनी, तर राखीव जागा काँग्रेसचे श्री. भाऊराव बोरकर यांनी जिंकली. डॉ. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. श्री. बोरकर यांच्या निधनामुळे १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी श्रीमती अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या.

या निकालाचे स्पष्टीकरण एका वाक्यात करण्याचा मोह टाळला पाहिजे. दोन मतांच्या पद्धतीचे गणित प्रथम पाहावे लागते. राखीव जागेसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवारांचीच परस्पर तुलना होई. परंतु त्यांना मते देणारे सर्व समाजांचे मतदार असत. म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या विजयासाठी त्यांच्या अनुयायांची निष्ठा आवश्यक होती, पण पुरेशी नव्हती. श्री. मेहता यांना पसंती देणाऱ्या मतदारांनी आपले दुसरे मत कोणास दिले, यावर निकाल मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. अनुयायांनी दुसरे मत वाया घालवावे, अशी सूचना डॉ. आंबेडकरांस करण्यात आली होती. घटनेच्या शिल्पकाराने मतदारास मत कुजविण्यास सांगणे योग्य नव्हे, म्हणून त्यांनी ती नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. जेथे एक उमेदवार विजयी झाला आणि त्याच्याशी सहकार्य करणारा दुसरा पराभूत झाला, तेथे दुसऱ्या मतांची देवघेव दोन्ही दिशांनी सारखी झाली नसावी, असे अनुमान निघते. मतदान गुप्त असल्यामुळे ते अनुमानच राहते. आकड्यांवरून मतदाराच्या मनाविषयी किती बोलता येते आणि कोठे थांबावे लागते, ही मर्यादा विद्यार्थ्याच्या ध्यानी येण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ यांची ही सांगड १९३२ च्या पुणे करारापासून चालत आलेली होती. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडून डॉ. आंबेडकरांनी ज्या व्यवस्थेस मान्यता दिली, तिच्याच चौकटीत भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला. प्रतिनिधी राखीव समाजाचा असावा एवढे पुरेसे आहे, की त्या समाजाच्या पसंतीचाही असावा, हा प्रतिनिधित्वाच्या सिद्धांतातील मूलभूत प्रश्न येथे मतपेटीत उतरलेला दिसतो. द्विसदस्य पद्धतीची दुसरी बाजू आंध्रातील पार्वतीपुरम येथे १९५७ मध्ये प्रकट झाली. तेथे दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि श्री. व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. हे कायद्यास धरून आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द करण्यात आले.

परराष्ट्र धोरणाचे स्थानही या निवडणुकीत गौण नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा सांगितलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणाविषयीचा असंतोष हेही एक होते. सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, कारण देशास मित्र उरलेले नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. भंडाऱ्याच्या प्रचारसभांतही त्यांनी पंतप्रधान नेहरूंच्या नेतृत्वावर व परराष्ट्र धोरणावर टीका केली. त्या दिवसांची कालगणना लक्षणीय आहे. २६ एप्रिल १९५४ रोजी जिनीव्हा परिषद सुरू झाली आणि लवकरच तीत हिंदी-चीनचा प्रश्न चर्चेस आला. २९ एप्रिल रोजी तिबेटविषयीच्या भारत-चीन करारावर सह्या झाल्या व त्यात पंचशील तत्त्वे नमूद झाली. १९ मे रोजी अमेरिका व पाकिस्तान यांच्यात लष्करी साहाय्याचा करार झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्ट रोजी राज्यसभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी पंचशीलावर विसंबण्याच्या धोरणाविषयी शंका व्यक्त केली आणि तिबेटवरील चीनचे प्रभुत्व मान्य केल्याने चीनची सीमा भारतास येऊन भिडते, हे निदर्शनास आणले. १९६२ च्या युद्धानंतर हे भाषण पुन्हा पुन्हा वाचले गेले. तथापि ते वाचताना भंडाऱ्याच्या सभा विसरल्या जातात. संरक्षणावर होणारा खर्च आणि भूमिहीन मजुराचे दारिद्र्य यांचा संबंध ज्याने जिल्ह्यातील मतदारांपुढे मांडला, तोच वक्ता चार महिन्यांच्या आत संसदेत जगाच्या शक्तिसमतोलाविषयी बोलत होता. त्याच्या दृष्टीने हे दोन विषय नव्हतेच.

या अध्ययनास भाषेचेही एक अंग आहे. भंडाऱ्याच्या वादातील निर्णायक शब्द जात, पंथ, धर्म, करार आणि मत हे होते. ते जगले गेले मराठीत व तपासले गेले इंग्रजीत. यांपैकी ‘मत’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. जुन्या मराठीत तो सिद्धांत किंवा संप्रदायाची शिकवण या अर्थी येतो. नित्य व्यवहारात त्याचा अर्थ अभिप्राय असा आहे. निवडणुकीने त्यास तिसरा अर्थ दिला. महानुभाव मताचा स्वीकार, उमेदवाराविषयीचे मत आणि पेटीत टाकलेले मत हे तीनही अर्थ एकाच प्रकरणात एकत्र आले. इंग्रजी निकालपत्रात त्यांसाठी निरनिराळे शब्द वापरावे लागतात आणि त्यांमधील नाते दिसेनासे होते. मराठीतून राज्यशास्त्र शिकविणे म्हणजे इंग्रजी पाठ्यपुस्तकातील संज्ञांस प्रतिशब्द देणे एवढेच मानले, तर हे नाते कधीच अभ्यासाचा विषय होणार नाही. संज्ञा घडवावयाच्या तर त्या ज्या व्यवहारातून आल्या, त्या व्यवहाराचे वाचन आधी व्हावयास हवे.

राजकारण शिकविता येते आणि शिकविले पाहिजे, ही डॉ. आंबेडकरांची श्रद्धा पराभवांनी ढळली नाही. संसदीय कार्यासाठी तरुणांस शिक्षण देणारी एक शाळा त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत सुरू केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले व ती शाळा फार काळ चालली नाही. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांत शिकलेल्या या विद्वानास विद्यापीठांचे मोल चांगले ज्ञात होते. तरीही स्वतंत्र शाळेची आवश्यकता त्यांना वाटली, ही गोष्ट विद्यापीठांनी विचारात घेण्याजोगी आहे.

विदर्भातील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने जिनीव्हा आणि ॲबेरिस्टविथ यांची माहिती अवश्य ठेवावी. परंतु १९५४ चे ते निकालपत्र, त्या वर्षीचे मतांचे तक्ते आणि तत्कालीन मराठी वृत्तपत्रांचे अंक ही सामग्री त्याच्या अधिक निकट आहे, आणि तिचा एकत्रित अभ्यास हे एका प्रबंधास पुरेल असे कार्य आहे. त्या पोटनिवडणुकीत मतदान केलेली पिढी आता अत्यंत विरळ झाली आहे. कागद अद्याप आहेत. माणसांच्या आठवणी मात्र फार काळ थांबणार नाहीत.