गिटारीचे पडदे आणि सुराचा न्याय

ह्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत आपल्या गायकवृंदाच्या वाद्याचाही थोडा इतिहास नोंदला जावा, म्हणून हा अल्पसा लेख. दि. ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें संविधान जाहीर केलें. त्यामुळें लोकभाषेस व निरनिराळ्या वाद्यांस वाव मिळाला, आणि ऑर्गनशेजारीं गिटार आली. तिच्याबरोबर एक जुना तंटाही आला : मोकळ्या तारा बरोबर लागतात, परंतु तार दाबून वरच्या पडद्यांवर गेलें कीं सूर चढतो.

सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात. वादक ते सरकवून सूर जुळवितो. युरोपांतील ल्यूट व जुनी गिटार ह्यांचे पडदेही तातीचे व सरकणारे असत. १५८१ सालीं व्हिंचेन्झो गॅलिलेई (ज्योतिषी गॅलिलिओचे वडील) ह्यांनीं, प्रत्येक पडद्यास उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडावा, असा नियम मांडला. त्या नियमानें बाराव्या पडद्यावर तार निम्म्याहून किंचित् अधिक उरते. म्हणून आज १८ ऐवजीं १७.८१७ नें भागतात. पुढें धातूचे पडदे कायम ठोकले गेले. सप्तकाचे बारा भाग सारखे झाले. थोडी थोडी चूक सर्व सुरांनीं वांटून घेतली.

आमच्या महाराष्ट्रांत हाच वाद पेटीवरून झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. त्यांनीं व क्लेमेंट्स साहेबांनीं पुरस्कारिलेली श्रुति-हार्मोनियम १९१६ च्या बडोदें परिषदेंत मांडली गेली, पण जाणत्यांचें एकमत झालें नाहीं. आकाशवाणीनें तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस दार बंद ठेविलें होतें.

आतां माझी चूक सांगतों. एका पावसाळ्यांत, मरियामातेच्या सणाच्या तालमींत, एका मुलास मीं सर्वांदेखत म्हटलें, "तुला कानच नाहीं." तो खालीं मान घालून गेला. नंतर गिटार तपासली. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यांत आकसलेलें लाकूड पावसांत फुगतें व तारा उंचावतात. उंच तार दाबली कीं ती अधिक ताणते आणि सूर चढतो. त्यांत तार जुनी व गंजलेली होती. मुलाचा कान खरा होता. तो खऱ्या सुरांत गात होता म्हणूनच वाद्याशीं जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशीं मीं सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली.

परीक्षा सोपी आहे. प्रथम नवी तार चढवावी, मग मानेचा वांक व तारांची उंची पाहावी. नंतर बाराव्या पडद्यावर तारेस बोट नुसतें टेकवून छेडावें. मग तेथेंच दाबून छेडावें. दोन्ही सूर एक हवेत. दाबलेला सूर चढला, तर घोडीवरील पट्टीचा टेकू मागें सारून तार लांब करावी. उतरला, तर पुढें आणावा.

माझ्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंस व गायकवृंदाच्या प्रमुखांस एवढीच विनंति : गाणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं बारावा पडदा तपासावा.